सेट : दोन अक्षरे, तीन वाटा

राज्य पात्रता परीक्षेचा निकाल लागला त्या संध्याकाळी मी घरी फोन करून सांगितले, ‘दादा, मी सेट झाले.’ दादांना वाटले, मला कायमची नोकरी लागली. ते तसेच उठले आणि पाव किलो पेढे घेऊन आले. शेजारी बसलेल्या आत्याला वाटले, माझे लग्न ठरले. मुलगा काय करतो, हे तिने फोनवरच विचारून घेतले. एका दोन अक्षरी शब्दाने एकाच घरात एकाच वेळी तीन अर्थ धारण केले होते, आणि त्यांतला खरा तेवढा सर्वांत कमी उपयोगाचा निघाला. या गोष्टीला आता सात वर्षे झाली. मी अजूनही तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवते. वर्गात शब्दांची कुळे सांगणे हा माझा आवडता उद्योग असल्यामुळे, ज्या शब्दाने आमच्या घरात एवढा घोटाळा केला, त्याचे कूळ एकदा नीट मांडावे असे फार दिवस मनात होते.

इंग्रजीत हा शब्द अवघ्या तीन अक्षरांचा. परंतु ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद याच शब्दाची होती. केवळ ‘सेट’ या क्रियापदासाठी सुमारे ६०,००० शब्द खर्ची पडले आणि ४३० अर्थ नोंदले गेले. मराठीत एवढ्या शब्दांत एक बऱ्यापैकी कादंबरी होते. सूर्य मावळतो तो सेट, टेबलावर पाने मांडतात तो सेट, सिमेंट घट्ट होते तो सेट, घड्याळाची वेळ लावतात तो सेट, मोडलेले हाड जागेवर आणतात तो सेट, आणि आग लावतात तोही सेटच.

या गर्दीच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. जुन्या इंग्रजीत ‘सित्तान’ म्हणजे बसणे आणि ‘सेत्तान’ म्हणजे बसवणे. एक क्रियापद स्वतः करायचे, दुसरे दुसऱ्याकडून करवून घ्यायचे. व्याकरणात याला प्रयोजक रूप म्हणतात. त्याही मागे गेलो तर संस्कृतातला ‘सद्’ हा धातू आणि हे इंग्रजी शब्द एकाच प्राचीन मुळाला जाऊन मिळतात. सदन, सदस्य, परिषद, उपनिषद ही सगळी सद् या धातूची प्रजा. कृष्णाजी अनंतांच्या नावामागचे ‘सभासद’ हे बिरुदही त्यातलेच. पक्ष्याच्या घरट्याला कवी लोक ‘नीड’ म्हणतात, तेही ‘नि’ आणि ‘सद्’ यांचेच संयुग, म्हणजे खाली बसण्याची जागा. इंग्रजीतला ‘नेस्ट’ हा त्याचा सख्खा भाऊ.

आणि इथे मराठी माणसाला ४३० अर्थांचे एवढे आश्चर्य वाटू नये. आपले ‘बसणे’ आणि ‘बसवणे’ घ्या. हाड बसवतात, अंगठीत खडा बसवतात, अंड्यांवर कोंबडी बसवतात. या तिन्ही ठिकाणी इंग्रजीत नेमका ‘सेट’ येतो. आपण तर त्याच्याही पुढे जातो. नाटक बसते, घडी बसते, जम बसतो, गणपती बसतात, घट बसतात. धक्का बसतो, भुर्दंड बसतो, विश्वास बसतो किंवा बसत नाही. सूज बसली तर बरे वाटते आणि घसा बसला तर वाईट. दुकान बसले की माणूसही बसतो. मोल्सवर्थने १८५७ च्या आपल्या कोशात या क्रियापदाचे अनेक अर्थ नोंदवले, पण घराघरांत ते अजून वाढतेच आहेत. गंमत अशी की आपले ‘बसणे’ सद् धातूचे नव्हे. ‘उपविशति’पासून प्राकृतात झिजत झिजत ‘बैसणे’ झाले आणि तिथून ‘बसणे’. त्यातला धातू ‘विश्’. म्हणजे रक्ताचे नाते काहीच नाही, तरी दोन भाषांनी बसण्याच्या एकाच कल्पनेतून जवळपास सारखा संसार उभा केला. मला हे रक्ताच्या नात्यापेक्षाही मोलाचे वाटते.

दुसरी वाट वेगळ्याच गावाहून येते. चहाच्या कपांचा सेट, दागिन्यांचा सेट, मित्रमंडळींचा सेट, यातल्या ‘समूह’ या अर्थामागे बसणे मुळात नव्हतेच. तो जुन्या फ्रेंचमधून आला, आणि फ्रेंचमध्ये लॅटिनच्या ‘सेक्ता’पासून. सेक्ता म्हणजे एखाद्याच्या मागून जाणाऱ्यांचा गट, पंथ. त्याच्या मुळाशी ‘मागून जाणे’ या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे, आणि त्याचा संस्कृत नातलग ‘सच्’, म्हणजे सोबत असणे. त्या सच् धातूपासून आपला ‘सचिव’ झाला. मूळ अर्थ सोबती. पुढे इंग्रजीत दोन्ही शब्द दिसायला सारखे झाले आणि एकमेकांत मिसळले, इतके की आज कोणता अर्थ कोणत्या ओढ्याचा हे ठरवताना कोशकारांनाही विचार करावा लागतो. थोडक्यात, एका सेटच्या पूर्वजांकडे सदस्य आहे आणि दुसऱ्याच्या पूर्वजांकडे सचिव. गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या दोघांचे एका छताखाली कसे चालते हे सांगायला नको. गणितातल्या सेटला, म्हणजे गेओर्ग कांटोरच्या ‘मेंगे’ला, मराठीने ‘संच’ हा स्वतःचा शब्द दिला, ते उत्तम झाले.

तिसरी वाट म्हणजे वाटच नव्हे. मी उत्तीर्ण झाले ती सेट ही तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे. राज्य, पात्रता, परीक्षा. तिचा ना बसण्याशी संबंध, ना सोबतीशी.

मग दादांच्या डोक्यातला सेट कुठला? ‘पोरगी सेट झाली’ यात इंग्रजीतला ‘सेटल’ अर्धवट गिळला गेला असावा. ‘सेटल’ जुन्या इंग्रजीतल्या ‘आसन’ या अर्थाच्या शब्दावरून आलेला, म्हणजे पुन्हा सद् धातूचेच घराणे. परंतु दादांना हा शब्द आणखी एका अर्थाने ठाऊक होता, आणि तो अर्थ त्यांनी हाताने कमावलेला होता. साताऱ्याच्या एका छापखान्यात त्यांनी बावीस वर्षे खिळे जुळवले. उभ्याने, डाव्या हातात स्टिक आणि उजव्या हाताने केसमधून एकेक खिळा उचलत. देवनागरीला काना, मात्रा, रफार, जोडाक्षरे यांचे वेगळे खिळे लागत, त्यामुळे खणांची संख्या रोमनच्या कितीतरी पट. अक्षरे आरशातल्यासारखी उलटी असत आणि ओळ वाचायची तीही खालची बाजू वर करून. लहानपणी मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून तशीच वाचायला शिकले. पान पूर्ण झाले की ते म्हणत, ‘सेट झालं.’ दोरीने बांधलेले पान हलवून बघत, एकही खिळा डुलला नाही की मान डोलावत. सेट होणे म्हणजे काय, हे त्यांच्या लेखी इतके स्पष्ट होते.

पुढे संगणक आला, ऑफसेट आले. केस भंगारात वजनावर गेल्या. दादांना मालकांनी बाइंडिंगला लावले आणि काही वर्षांनी तेही थांबले.

दादांमुळेच मला कोशाच्या इतिहासातला हेन्री ब्रॅडली जवळचा वाटतो. ऑक्सफर्ड कोशाचे नाव निघाले की सारे जेम्स मरे यांचे नाव घेतात, ते योग्यच आहे; परंतु ‘सेट’ हा शब्द ज्या भागात येतो त्याचे संपादन ब्रॅडलीने केले. विद्यापीठाचे शिक्षण नाही. शेफील्डमधल्या सुऱ्याकात्र्यांच्या एका पेढीत सुमारे २० वर्षे पत्रव्यवहाराची कारकुनी. भाषा शिकला त्या स्वतःच्या हिमतीवर. लहानपणी त्याला आधी उलटे धरलेले पुस्तकच वाचता येई असे सांगतात, कारण वडील बायबल वाचत तेव्हा तो समोर बसून बघत असे. १८८४ साली अडतिसाव्या वर्षी तो नोकरी सोडून लंडनला आला. त्याच सुमारास कोशाचा पहिला भाग निघाला. ‘द अकॅडमी’ या साप्ताहिकासाठी ब्रॅडलीने त्याचे परीक्षण लिहिले, तेव्हा घरातले सामानसुद्धा लागले नव्हते आणि एका खोक्यावर कागद ठेवून त्याने ते लिहिले, अशी आठवण आहे. परीक्षण वाचून मरे थक्क झाले आणि त्यांनी त्याला कामात ओढले. १८८८ मध्ये तो स्वतंत्र संपादक झाला. १९१५ मध्ये मरे गेल्यावर मुख्य संपादकपद त्याच्याकडे आले. १९२३ मध्ये तोही गेला. कोश पूर्ण झाला १९२८ मध्ये. इंग्रजीतल्या सर्वांत ऐसपैस बसलेल्या शब्दाची घडी बसवणारा माणूस स्वतः चाळिशीच्या उंबरठ्यावर खोक्यावर कागद ठेवून लिहीत होता, हे मी दरवर्षी वर्गात सांगते. मुले ऐकतात. एकदा एका मुलीने विचारले, ‘मॅडम, त्याला परमनंट केलं होतं का?’

सेटचे पहिले स्थानही आता गेले आहे. कोशाच्या तिसऱ्या आवृत्तीचे काम चालू आहे आणि त्यात २०११ मध्ये ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले गेले. बसवण्याची जागा धावण्याने घेतली. यावरून आपल्या काळाविषयी भाष्य करण्याचा मोह अनेकांना झाला. मला तो फारसा पटत नाही. यंत्रे आली, ती ‘चालू’ लागली आणि ‘रन’चे अर्थ वाढले, एवढेच. अर्थात सकाळी साडेसहाची एसटी पकडून एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात जाताना माझे मत कधीकधी डळमळते.

दादा आता पंचाहत्तरीचे आहेत. वर्तमानपत्र वाचताना एखाद्या शब्दात रफार चुकला की बोटाने दाखवतात. आत्या स्थळाचे विचारायची थांबली आहे. दादा अजून विचारतात, पण पेढे आणल्याचा दिवस आठवून की काय, शब्द बदलून. ‘बसलं का गं कुठं?’ मी म्हणते, ‘बसतंय, दादा.’

पुढच्या गुरुवारी एका ठिकाणी मुलाखत आहे. जागा एक, अर्ज किती ते कळलेले नाही. घरी अजून सांगितलेले नाही.