टाक्याला तळ असतो

सांगलीच्या आमच्या कापडदुकानाचा अहमदाबादशी तीन पिढ्यांचा व्यवहार आहे. वडिलांचे जुने आडतिये तेथील एका पोळीत राहत. गेल्या ज्येष्ठात खरेदीसाठी गेलो असता त्यांच्या वृद्ध पत्नीचा निरोप आला, ‘लॉजवर उतरू नकोस. घर अजून आहे.’ त्या ‘अजून’ शब्दाचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला.

१४११ साली अहमदशहाने वसवलेल्या या नगराच्या कोटाआडच्या वस्तीला २०१७ साली युनेस्कोने जागतिक वारसा शहराचा मान दिला. हा मान मिळवणारे ते भारतातील पहिले शहर. पोळ म्हणजे एकाच दरवाजाच्या आतील आळी. बाहेर रणरणते ऊन होते, पण आतली गल्ली इतकी अरुंद की समोरासमोरची घरे एकमेकांवर सावली धरून उभी होती. वळणावर पक्ष्यांना दाणे टाकण्याचा नक्षीदार चबुतरा होता आणि त्यापलीकडे जिनमंदिर. उंबरा ओलांडताच घराच्या मधोमध आकाशाला मोकळा चौक लागला.

त्या चौकाच्या फरशीत एक तांब्याचे झाकण होते. बांनी ते सरकवले, दोराला बांधलेली बादली आत सोडली आणि भरलेला पेला माझ्या हाती दिला. पाणी गार होते, गोड होते, आणि त्याला कसलाही वास नव्हता.

“हे गेल्या मघाचे,” बा म्हणाल्या.

गडकिल्ल्यांवरची खोदीव टाकी आपल्या परिचयाची आहेत. येथे तसे टाके अनेक जुन्या वाड्यांच्या पोटात असे. भूमीत खोल हौद, त्याला चुन्याचा गिलावा, आणि गच्चीवरून पन्हळीवाटे आलेली नळी. पावसाळ्यापूर्वी गच्ची घासून धुवायची. पहिल्या सरी बाहेर सोडून द्यायच्या, कारण त्या धूळ घेऊन येतात. पिण्यासाठी भरायचे ते मघा नक्षत्राचे पाणी, म्हणजे साधारण ऑगस्टच्या उत्तरार्धातले. तोवर दोन महिन्यांच्या पावसाने गच्ची आणि हवा दोन्ही धुऊन निघालेली असतात. आत उजेड शिरत नाही, म्हणून शेवाळ धरत नाही. झाकण काम झाल्याबरोबर बंद करायचे आणि बादली दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरायची नाही, हा दंडक.

बांच्या दोराला गाठी होत्या. दोर ओला होऊन वर आला की कितव्या गाठीपर्यंत भिजला ते त्या पाहत. “दिवाळीला इतके, होळीला इतके, अक्षय्य तृतीयेला इतके राहिलेच पाहिजे. कमी दिसले की त्या आठवड्यात हात आखडायचा.” मला आमच्या आजोबांचा रोजमेळ आठवला. रात्री शिल्लक जुळल्याशिवाय ते दुकानाची फळी लावत नसत.

व्यापाऱ्याचा मुलगा असल्याने मी तेथेच हिशेब मांडला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. गच्ची सुमारे ६० चौरस मीटरची. अहमदाबादेत वर्षाला ७५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे गच्चीवर ४५ हजार लिटर. पूर्वी घरात सहा माणसे. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी पाच लिटर धरले तर दिवसाला ३० लिटर, वर्षाला सुमारे ११ हजार. आभाळ देते त्याचा चौथा हिस्सा उतरवला तरी घराचे वर्ष निघते.

टाक्यातले पाणी स्वच्छ दिसत असूनही बा ते दुहेरी कापडातून गाळत होत्या. आमचा पंथ वेगळा, बोली वेगळी; पण ते गाळणे पाहून मला माझी आजी दिसली. आडावर पाणी गाळून झाले की गाळण्यावरची जिवाणी ती त्याच आडात अलगद परत सोडायची. ज्या पाण्यातला जीव त्याच पाण्यात गेला पाहिजे, एवढेच ती सांगे. आमच्या घरी नळ आला तेव्हा गाळणे गेले, आणि त्याबरोबर पाण्याकडे थांबून पाहणेही गेले.

बा रोज सकाळी चौदा नियम धारतात. आज किती पदार्थ खायचे, किती वस्त्रे वापरायची, कोणते वाहन, किती वेळा स्नान, याची मर्यादा त्या दिवसापुरती मनाशी ठरवायची. जेवण झाल्यावर त्यांनी थाळी थोड्या पाण्याने धुतली आणि ते पाणी पिऊन टाकले. ताटात कण उरला नाही, त्यात जीव पडण्याची भीती राहिली नाही, आणि घासायला तांब्याभर पाणी पुरले. धर्माने सांगितलेली ही गोष्ट घराच्या काटकसरीलाही किती नेमकी लागू पडते!

दुसऱ्या दिवशी थोरले चिरंजीव साबरमतीपलीकडच्या आपल्या फ्लॅटमधून आले. घराचा सौदा बोलणीत होता. घेणाऱ्याला गोदाम हवे होते आणि चौकात फरशी सलग पाहिजे होती. टाके बुजवावे लागणार होते. मुलाची बाजू खोटी नव्हती. लाकूड वाळवीने पोखरले होते, गल्लीत गाडी येत नव्हती, बांचे गुडघे जिना चढू देत नव्हते. बा काही बोलल्या नाहीत. मुलगा गेल्यावर मला एवढेच म्हणाल्या, “टाक्याला तळ असतो, दीकरा. म्हणून माणूस जपून राहतो. तुमच्या नळाला तळ दिसतो का?”

मी गप्प राहिलो. २०१९च्या महापुरात कृष्णा आमच्या दुकानाच्या माळ्यापर्यंत आली होती. चहूकडे पाणी, आणि प्यायला मात्र बाहेरून आलेल्या बाटल्या. तेवढे चार दिवस आम्ही घोट मोजून प्यालो. पूर ओसरताच ती मोजणीही ओसरली.

सांगलीला परतल्यावर मी स्वयंपाकघरातील आरओ यंत्राची मोरीत सोडलेली नळी काढून बादलीत ठेवली. अशी यंत्रे एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण दोन-तीन लिटर पाणी टाकून देतात, हे ऐकून होतो, पाहिले नव्हते. पंधरा लिटरची बादली दिवसातून दोनदा भरली. म्हणजे रोज ३० लिटर, वर्षाला ११ हजार. बांच्या भरल्या घराला वर्षभर जेवढे प्यायला लागे, तेवढे आम्ही मोरीत ओतत होतो. तेही रोज सकाळी देवदर्शन करून, रात्रिभोजनाचा त्याग पाळून!

आता ती बादली लादी पुसायला आणि संडासाला जाते. झाडांना आम्ही ते पाणी घालत नाही, कारण त्यात क्षार अधिक असतात. महानगरपालिकेचे पाणी मुळात फारसे क्षारयुक्त नसेल, तर साधे गाळून-उकळून पुरते का, हे तपासून घ्यायचे ठरले आहे. गाळण्याचे कापड सौभाग्यवतींनी पुन्हा शिवले. स्नानाला प्रत्येकी एक बादली. नातवंडांनी प्रथम कुरकुर केली. आता तीच फळ्यावर बादल्यांच्या रेघा ओढतात.

पर्युषण जवळ आले आहे. उपवास-एकासनांचे संकल्प आपण करतोच. त्यांच्या जोडीला यंदा प्रत्येक घराने पाण्याचा एक नियम घ्यावा, असे मनापासून वाटते. पहिल्या दिवशी काही सोडू नये, फक्त मोजावे. आकडा समोर आला की काय सोडायचे ते आपोआप दिसते. हिशेब आपल्याला कोणी शिकवायला नको.

हे लिहीत असताना बांचा फोन आला. सौदा दिवाळीपर्यंत लांबला आहे. धाकट्या मुलाकडून त्यांनी गच्ची धुऊन घेतली आणि यंदाचेही मघाचे पाणी भरून घेतले.

“पिणार कोण, बा?” मी विचारले.

“जो घरात असेल तो,” त्या म्हणाल्या.