पी. बाळू म्हणजे कोण?

शनिवार दुपार. बाहेर ऊन मी म्हणतंय, आणि मी धरमपेठेतल्या घरी कूलरसमोर बसून जुनी स्कोअरकार्डं चाळतोय. (असतात असे लोक. काय करता!)

1906 साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवलं. त्या संघात दोन नावं दिसतात : पी. बाळू आणि पी. शिवराम. पुढच्या वर्षांत पी. विठ्ठल, पी. गणपत पण येतात. नवख्याला वाटेल हे चौघं एकमेकांचे कोणीच नाहीत. पण मंडळी, पी म्हणजे पालवणकर! चौघं सख्खे भाऊ. आडनाव आक्रसून एक अक्षर झालं, आणि घरात हाक मारायचं नाव आडनावाच्या खुर्चीत जाऊन बसलं.

आता आमच्या नागपुरात 1895 साली जन्मलेले सी. के. नायडू घ्या. कोट्टारी कनकय्या नायडू. यांचंही घराण्याचं नाव आधी, तेलुगू पद्धतीने. पण शेवटी 'नायडू' शाबूत, त्यामुळे सी. एस. हे त्यांचे भाऊ हे शेंबडं पोरगंही सांगेल. विजय मर्चंट तर मूळचे ठाकरसी. शाळेत वडिलांचा धंदा सांगितला तो आडनाव म्हणून चिकटला, असं सांगतात. त्यावर हसता तरी येतं.

बाळूंच्या बाबतीत मला हसू येत नाही. हा माणूस चर्मकार. पुण्यात संघाच्या विकेटा हाच काढणार, पण चहा मात्र पॅव्हिलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात 114 बळी घेतले, तरी हिंदूंचं कप्तानपद काही मिळालं नाही. ते मिळालं 1923 मध्ये, धाकट्या विठ्ठलला. आणि छापील कागदावर नाव काय, तर बाळू. कुंपणावरून हाक मारल्यासारखं.

आमच्या धंद्यात 'लास्ट नेम' हा रकाना सक्तीचा. माझा तमिळ सहकारी तिथे वडिलांचं नाव टाकून मोकळा होतो. हे चार भाऊ त्या टेबलात टाका... चौघांची चार आडनावं! जगातली कुठलीही क्वेरी त्यांना एका घरात आणणार नाही. 1937 मध्ये मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहून हरलेले काँग्रेसचे उमेदवार हेच बाळू, हेही 'पालवणकर' शोधणाऱ्याच्या हाती लागेलच असं नाही.

मला विचाराल तर नावाला रकाना एकच हवा, माणूस सांगेल तसं लिहायला. कोण कोणाचा भाऊ, हे वेगळ्या टेबलात.