लवंगांच्या वासाची शाल



दसऱ्याचं सोनं लुटून झालं की आमच्या घरी दोन कामं एकदम निघतात. एक माळ्यावरचे डबे खाली काढायचं आणि दुसरं माझी सुया-दोऱ्यांची पिशवी. दिवाळीला विकतचं काही द्यायचं नाही, हाताने केलेलंच द्यायचं, हा माझा माहेरापासूनचा हट्ट. भाचरांना झबली-टोपरी, नणंदेला क्रोशाचं तोरण, कुणाला पूजेचं आसन. माझी लेक म्हणते, "आई, लोकांना खरंच आवडतं का गं हे सगळं?" या प्रश्नाचं खरं उत्तर मला तीस वर्षांनी मिळालं. ते आज सांगते.

माझं लग्न १९९३ सालचं. पहिल्या दिवाळीला सासूबाईंसाठी काय करावं, याचा मी श्रावणापासून विचार करत होते. दिवाळीच्या अमावास्येला पहाटे निर्वाण लाडू चढवायला त्या अंधारातच मंदिरात जायच्या. कोल्हापूरची थंडी ती केवढी, पण पंचगंगेकडून येणारा पहाटवारा झोंबतोच. अंगावर काय, तर सुती लुगडं आणि जुनी पातळ चादर. मी ठरवलं, शाल विणायची. महाद्वार रोडवर लोकर घ्यायला गेले. दुकानदाराने चार-पाच प्रकार दाखवले, त्यातल्या एका गुंड्यावर 'वर्धमान' लिहिलेलं. लुधियानाच्या कंपनीचं ते नाव. मला वाटलं, भगवंतांच्या निर्वाणदिनाला भगवंतांच्याच नावाची लोकर, याहून चांगला योग कुठला! मोतिया रंगाचे बारा गुंडे घेतले. दुपारी सगळे झोपले की खोलीचं दार लावून विणायचे. एक सुलट, एक उलट, मध्ये जाळीची नक्षी, काठाला गोंडे. दोन महिने लागले.

सासूबाईंनी ती हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली, "हात चांगला हाय तुझा" म्हणाल्या आणि घडी घालून कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी पहाटे निघाल्या त्या जुनी चादर पांघरूनच.

त्या दिवशी नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. मी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात, दिसतच होतं. सुनेच्या हातचं चालत नाही, असा मी अर्थ लावला आणि तो पक्का धरून बसले. नंतर मी सगळ्यांसाठी विणलं, शिवलं, त्यांच्यासाठी पुन्हा टाका घातला नाही. दिवाळीला त्यांना दुकानातून साडी आणून द्यायचे. भांडण नव्हतं काही. पण पहाटे चार वाजता त्या जिन्यावरून उतरायला लागल्या की माझ्या पोटात तो जुना खडा हलायचा.

२०२३ ची दिवाळी. भगवंतांचा २५५० वा निर्वाण महोत्सव, त्यामुळे मंदिरात नेहमीपेक्षा मोठी तयारी. घरात साफसफाई करताना सासूबाईंची पत्र्याची ट्रंक उघडली, तर तळाशी जुन्या सुती धोतरात गुंडाळलेली माझी शाल. घडीघडीत लवंगा ठेवलेल्या. डांबराच्या गोळ्या त्यांनी आयुष्यात घरात आणल्या नाहीत, त्यांच्या वासाने किडे मरतात म्हणून. लवंगा मात्र ताज्या होत्या, वास येत होता. म्हणजे कोणीतरी दर वर्षी बदलत होतं.

मी शाल घेऊन तशीच खाली आले. त्या शेंगा निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, "आत्या, ही इतकी जपून ठेवलीत, मग एकदाही पांघरली का नाही?"

त्या म्हणाल्या, "अगं, लोकरीचा नियम हाय की मला. लोकर न् रेशीम. तू यायच्या आधीच घेतलेला, चातुर्मासात महाराजांच्याकडं."

"मग सांगायचं नाही का?"

"पहिली दिवाळी तुझी. दोन महिने खपून केलेलं. त्याच दिवशी तुला नियम सांगत बसले असते तर तुला काय वाटलं असतं? सासू आली शिकवायला. पुढं सांगीन म्हटलं, ते राहूनच गेलं."

तीस वर्षं राहून गेलं. त्यांनी माझं मन राखायला तोंड बंद ठेवलं आणि मी त्याचाच राग धरला. मला तिथे उभं राहवेना.

आता गंमत ऐका. रात्री माझ्या डोक्यात आलं की ती लोकर तरी होती का? मराठीत आपण विणायच्या कुठल्याही जाड धाग्याला लोकरच म्हणतो. बाजारात मिळते ती बरीचशी ॲक्रिलिकची असते, मेंढीचा तिच्याशी संबंध नसतो, ती खनिज तेलापासून कारखान्यात होते. सकाळी मी गोंड्याचा एक धागा कापला, चिमट्यात धरून जाळून बघितला. ही युक्ती तुम्हीही लक्षात ठेवा. खरी लोकर किंवा रेशीम असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरते. सुती धागा कागदासारखा जळतो. ॲक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक काळा मणी होतो. (खिडकी उघडी ठेवा, पदर आवरा.) माझ्या चिमट्यात काळा मणी!

मी जवळजवळ पळतच गेले. "आत्या, ही लोकर नव्हतीच! तुमचा नियम मोडलाच नसता!"

त्यांनी मणी हातात घेऊन बघितला. म्हणाल्या, "यशोधर राजाचा कोंबडा पिठाचाच होता की."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्या सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक असलेली गोष्ट. आईच्या, चंद्रमतीच्या, आग्रहावरून राजाने देवीपुढे पिठाचा कोंबडा मारला. रक्त सांडलं नाही, पण मारायचा संकल्प झाला, आणि मायलेकांना मोर, कुत्रा असे किती जन्म फिरावं लागलं. सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं. मी ती लोकर समजत होते, लोकर समजून पांघरली असती तर माझ्यापुरता नियम मोडलाच होता. मी म्हटलं, आता तर कळलं ना, आता पांघरा. तर म्हणाल्या, "मंदिरात बघणारीला काय मणी दाखवू व्हय?"

मला हे सगळं पटतं असं नाही. मेंढीची लोकर कातरतात, मारून काढत नाहीत, आपल्याकडचे धनगर किती मायेने मेंढरं सांभाळतात, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, कातरताना कातडी सोलवटते ती कोण बघतं? रेशमाबद्दल मात्र माझा वाद नाही. धागा अखंड निघावा म्हणून कोष आतल्या जिवासकट उकळत्या पाण्यात टाकतात, आणि एका साडीला असे हजारो कोष लागतात. हे माहीत असूनही मी जुन्या पैठणीच्या तुकड्यांचे जपमाळेसाठी बटवे शिवून वाटले होते. रेशमाच्या पिशवीत णमोकार मंत्राची माळ! घेणाऱ्यांपैकी कितीजणींनी ते मुकाट्याने कपाटात ठेवले असतील, कोण जाणे. आता बटवे इचलकरंजीच्या सुती कापडाचे करते, आणि करण्याआधी सरळ फोन लावते, "तुमचा कशाचा नियम आहे का हो?" सरप्राईज जातं, जाऊ दे.

गेल्या दोन वर्षांत सगळ्यांत जास्त मागणी कशाला आली सांगू? पाणी गाळायच्या छन्न्याला. जाड खादी, शास्त्रात सांगितलेलं ३६ अंगुळं लांब आणि २४ अंगुळं रुंद माप, म्हणजे साधारण सत्तावीस इंच बाय अठरा. दुहेरी करून भांड्याच्या तोंडावर नीट बसतो. कापड आधी दोनदा धुऊन घ्या, खळ जाऊ द्या आणि आटू द्या, मगच कापा. कडा बारीक दुमडून हाताने धावदोरा घाला. फिल्टर असलेल्या घरातल्या सुनाही मागून नेतात. पुण्याच्या भाचीने तर चार नेले.

आणि सासूबाईंसाठी मी २०२४ च्या दिवाळीला पुन्हा शाल केली. क्रोशाची, सगळी सुती. या वेळी दार लावून नाही, त्यांच्यासमोर बसून. दोऱ्याचे गुंडे आणले त्या दिवशी एक धागा त्यांच्या देखत जाळून दाखवला. सुती धागा लोकरीसारखा हलका नसतो, त्यात ऊब यायची तर वीण घट्ट घालावी लागते, त्यामुळे शाल पाऊण किलोच्या वर भरली. मध्येच त्यांनी दोन ओळी चुकल्या म्हणून उसवायला लावल्या. बरोबर होत्या त्या, चुकल्याच होत्या.

मोतिया शाल लेकीने नेली, तिला असला काही नियम नाही. लवंगा काढू नकोस म्हणाली.

अमावास्येच्या पहाटे सासूबाई सुती शाल पांघरून जिना उतरल्या. वय ब्याऐंशी, एक हात कठड्यावर, दुसरा माझ्या खांद्यावर, माझ्या हातात लाडवाचं ताट. खालच्या पायरीवर थांबून म्हणाल्या, "जड हाय गं लई." मी म्हटलं, काढू का? तर पदरासारखी डोक्यावरून ओढून घेतली आणि चालायला लागल्या.