काठीचा मध्य

विमानाची काठी हाताला जड लागते ती हवेमुळे. साध्या प्रशिक्षण विमानात काठीपासून शेपटीच्या हलत्या पृष्ठापर्यंत तार किंवा सळई गेलेली असते. पृष्ठावरचा हवेचा दाब त्याच वाटेने वैमानिकाच्या तळहातापर्यंत परत येतो. वेग दुप्पट झाला की हा दाब चौपट होतो. जेट लढाऊ विमानांत हायड्रॉलिक यंत्रणा आली आणि ही वाट बंद झाली. ओझरच्या कारखान्यात तयार झालेल्या मिग-२१ मध्ये काठीला स्प्रिंगचा कृत्रिम जोर होता. वेग व उंचीनुसार काठी आणि शेपटी यांच्यातले प्रमाण बदलणारी यंत्रणाही त्यात होती. एफ-१६ ने दुसरे टोक गाठले. त्याची सुरुवातीची काठी हलतच नसे, फक्त हाताचा जोर मोजे. वैमानिकांना ते रुचले नाही आणि पुढे काठीला मुद्दाम किंचित हालचाल देण्यात आली.

घरगुती सिम्युलेटरच्या जॉयस्टिकमध्ये हवेची जागा स्प्रिंग घेते. स्प्रिंगला वेग कळत नाही. धावपट्टीवर उभ्या विमानाची आणि सूर मारणाऱ्या विमानाची काठी तिच्या लेखी सारखीच. म्हणून चांगल्या जॉयस्टिकची परीक्षा एकूण जोरावर होत नाही, मध्यबिंदूवर होते. दुसऱ्या विमानाला बिलगून उडताना किंवा हवेत इंधन घेताना हात मध्याभोवती काही मिलिमीटरच हलतो. काठी तिथे अडखळली तर बाकीची सगळी कारागिरी फुकट.

अडखळण्याचे मुख्य कारण घर्षण. स्थिर घर्षण गतिज घर्षणापेक्षा जास्त असते. हात हलका दाब देतो, काठी जागची हलत नाही. दाब वाढवला की ती एकदम सुटते आणि हवे त्यापेक्षा पुढे जाते. थ्रस्टमास्टर कंपनीच्या वॉर्टहॉग जॉयस्टिकमध्ये चेंडूसारखा सांधा आणि मोठी स्प्रिंग आहे. सांध्याचा घासणारा पृष्ठभाग मोठा असल्याने तिचे मालक योग्य ग्रीसच्या शोधात असतात. व्हीकेबी आणि व्हर्पिल या कंपन्यांनी वेगळा मार्ग धरला: दोन अक्षांना स्वतंत्र बेअरिंगे, आणि स्प्रिंगने दाबलेला रोलर कॅमवरून फिरतो. कॅमच्या मध्याला खाच असेल तर मध्य हाताला स्पष्ट कळतो. खाच नसेल तर काठी मऊपणे मध्य ओलांडते. कॅम बदलता येतो, म्हणजे जोराचा आलेखच बदलता येतो. हेलिकॉप्टरचे काम उलटे असते. तिथे काठी सोडली तिथेच राहावी लागते, म्हणून मध्याकडे ओढणारी स्प्रिंग काढून टाकतात.

डँपिंग आणि घर्षण यांत गल्लत होते. वाळूजला मोटारसायकलींबरोबर त्यांचे शॉक अॅब्सॉर्बरही बनतात, त्यामुळे छत्रपती संभाजीनगरच्या कामगाराला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. शॉक अॅब्सॉर्बरमधल्या तेलाचा विरोध, म्हणजे डँपिंग, हालचालीच्या वेगाबरोबर वाढतो, हालचाल शून्य असेल तिथे तोही शून्य. घर्षण मात्र सुरुवातीलाच सर्वाधिक नडते. जॉयस्टिकला डँपर लावल्यास सोडलेली काठी मध्यावर लटपटत नाही आणि सूक्ष्म हालचालही बिघडत नाही.

दुसरा दोष सांध्यातला प्ले, म्हणजे ढिलेपणा. अक्षापासून १० मिलिमीटरवर ०.१ मिलिमीटर प्ले असेल, तर अक्षापासून २०० मिलिमीटर वर असलेल्या हाताला तो २ मिलिमीटर जाणवतो. कोनात सुमारे ०.५७ अंश. काठीचा एकूण पल्ला ४० अंश धरला, तर १०२४ पायऱ्यांच्या साध्या संवेदकाची एक पायरी ०.०४ अंशांची. म्हणजे एवढ्या प्लेमध्ये चौदा-पंधरा पायऱ्या वाया जातात. खोक्यावर ६५,५३६ पायऱ्यांची जाहिरात करणाऱ्यांनी आधी बेअरिंगकडे पाहिलेले बरे. चुंबकीय हॉल संवेदकाचा खरा फायदा पायऱ्यांत नाहीच. त्यात काही घासत नाही, त्यामुळे जुन्या पोटेन्शिओमीटरसारखी झीज आणि तिच्यामुळे होणारी आकड्यांची थरथर टळते. प्ले आटोक्यात ठेवायचा तर भोके आणि दांडे मायक्रॉनच्या हिशोबात बसवावे लागतात. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये मुले शिकतात ती शिस्त हीच.

काठीची लांबीही महत्त्वाची. २० सेंटिमीटरची काठी २० अंश कलली की हात सुमारे ७ सेंटिमीटर सरकतो. लांबी दुप्पट केल्यास सुमारे १४. नियंत्रण बारीक होते, पण त्याच स्प्रिंगचा जोर हाताला निम्मा लागतो. म्हणून लांब काठीला घट्ट स्प्रिंग लागते, आणि मग टेबलावर नुसती ठेवलेली बैठक उचलली जाते. ती खुर्चीला किंवा चौकटीला बोल्टने आवळावी लागते.

वेगानुसार जोर बदलायचा असेल तर मोटारच हवी. मायक्रोसॉफ्टची साइडवाइंडर फोर्स फीडबॅक प्रो १९९७ च्या सुमारास बाजारात आली. संगणक विमानाचा वेग जाणतो आणि मोटारला त्याप्रमाणे ताण द्यायला सांगतो. वेग मंदावला की काठी सैल पडते, पंखावरची हवा फाटू लागली की थरथरते. पण मोटारच्या चुंबकांचे बारीक हिसके आणि गिअरचा प्ले थेट हातात येतो. म्हणून चांगल्या यंत्रात गिअर टाळून मोठी मोटार थेट अक्षावर किंवा दातेरी पट्ट्याने जोडतात. त्यातून वजन, उष्णता आणि किंमत तिन्ही वाढतात.