पाचट, कडधान्य आणि आपला श्वास

वारणानगर परिसरात उसाचा गळीत हंगाम सुरू झाला, की माझ्या दवाखान्यात दम्याच्या व जुन्या खोकल्याच्या वृद्ध रुग्णांची वर्दळ वाढते. थंडीचा त्यात वाटा आहेच. परंतु तोडणीनंतर फडात पेटवलेल्या पाचटाचा धूरही त्यास कारणीभूत असतो. हिवाळ्यातील पहाटेच्या जड हवेत तो जमिनीलगत साचून राहतो. म्हणून रुग्णासोबत आलेल्या मुलाला वा सुनेला मी आवर्जून विचारतो, पाचट जाळता की कुजवता?

हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघते. जाळल्यास त्यातील सेंद्रिय कर्ब आणि बहुतेक नत्र धुरावाटे निघून जाते. खोडवा ठेवायचा असल्यास तेच सरीत पसरून त्यावर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट व पाचट कुजविणारे जिवाणू टाकावेत. ओल टिकते, तणही कमी होते.

तात्यासाहेब कोरे यांनी सहकारातून उभारलेल्या साखर कारखान्याने या भागाचे रूप पालटले. मात्र उसामागून ऊस, मोकाट पाणी आणि रासायनिक खतांचा भडिमार यांमुळे वारणा-कृष्णाकाठच्या कित्येक जमिनी क्षारपड झाल्या, हेही आपण पाहिले आहे. ज्येष्ठांना फेरपालट नवी नाही. खोडवा निघाल्यावर खरिपात सोयाबीन वा भुईमूग घेऊन पूर्वहंगामी लागण करता येते. अडसाली लागणीपूर्वी ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याच्या सुमारास गाडावा. क्षारपड रानात धैंचा विशेष उपयोगी. या द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत हवेतील नत्र साठते. उसाइतका पैसा त्यांतून मिळत नाही, हा आक्षेप मी नेहमी ऐकतो आणि तो खोटा नाही. पण बांधाकडेच्या चार सऱ्यांत मूग-उडीद पेरायला काय हरकत आहे? वयोमानाने झिजणाऱ्या स्नायूंना प्रथिने हवीत, आणि अनेक वृद्धांच्या ताटात चहा-भाकरीपलीकडे फारसे काही नसते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

शेणखताच्या उकिरड्यात अनवाणी उतरू नये. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात, आणि मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना जखम कळतही नाही. गमबूट घालावेत, संध्याकाळी घरच्या कोणीतरी तळपाय तपासावेत आणि धनुर्वाताची लस घेऊन 10 वर्षे उलटली असल्यास ती पुन्हा घ्यावी.