न पाहिलेली नदी

सिमेंटच्या लांबट हौदावर माणसाची सावली पडली की पाणी खळबळतं. हजारो बोटुकल्या, सॅमनची बोटाएवढी पिल्लं, एकदम वर झेपावतात, कारण त्यांच्या इवल्या अनुभवात वरून येणारी सावली म्हणजे अन्न. नदीत हीच सावली सुरय पक्ष्याची असते, बगळ्याची असते, आणि पृष्ठालगत पोहायची सवय घेऊन निघालेलं सॅमनचं पिल्लू तिला चटकन सापडतं. हौदातलं वात्सल्य मात्र खोटं नव्हे. नदीत बहुतेक पिल्लं समुद्र न पाहताच संपतात, इथे बहुतेक जगतात. मग जगवणाऱ्याला दोष तरी कसा द्यावा!

उत्तर कॅलिफोर्नियात बॅटल क्रीकच्या काठी कोलमनचं मत्स्यबीज केंद्र १९४० च्या दशकात उभं राहिलं, शास्ता धरणानं सॅमनची वरची वाट बंद केली त्याची भरपाई म्हणून. समुद्राकडे निघण्याच्या दिवसांत पिल्लाच्या अंगावरचे काळपट पट्टे पुसट होतात, रुपेरी झळाळी चढते, कल्ले खारं पाणी पेलायला सिद्ध होतात. आणि याच कोवळ्या काळात जन्मजलाचा गंध त्याच्या स्मृतीत मुरतो, जो पुढे वर्षांनी त्याला घरी आणतो. वाटेत लागणाऱ्या पाण्यांचे गंधही त्यात मिसळत असावेत. २०१४ च्या दुष्काळात नदी आटली, तापली, तेव्हा कोलमनची पिल्लं टँकरमध्ये भरून शेकडो किलोमीटर खाली नेऊन सोडली. ती वाचली. पण गाढ झोपेत उचलून गाडीत ठेवलेल्या मुलाला रस्ता कसा आठवावा? मोठी होऊन परतताना त्यांतली कितीतरी भलत्याच नद्यांत शिरली.

पिल्लांना नदीची सवय लागावी म्हणून आता काही ठिकाणी हौदांत खडी घालतात, झाडांच्या फांद्या बुडवतात, खाद्य पाण्याखालून देतात. कधी गुण येतो, कधी नाही. नदीची नक्कल करायची तर तिचं थोडं क्रौर्यही उसनं आणावं लागणार, आणि तिथे माणसाचा हात अडखळत असेल, असं मला आपलं वाटतं.

नक्कल सोडून खऱ्या नदीकडेच वळलं तर? शास्ताच्या जलाशयाला मिळणाऱ्या मॅक्लाउड नदीच्या काठी लिव्हिंग्स्टन स्टोन यांनी १८७२ मध्ये सॅमनची अंडी गोळा करायला सुरुवात केली होती. तिथले मूळ रहिवासी विनेमेम विंटू. २०२२ मध्ये त्यांच्या साथीनं हिवाळी सॅमनची, म्हणजे हिवाळ्यात समुद्रातून नदीकडे परतणाऱ्या सॅमनची, अंडी पुन्हा त्याच नदीच्या गार पाण्यात उबवली गेली. पिल्लं नदीत सोडली, ती वाहत्या पाण्यात वाढली, प्रवाहाबरोबर खाली निघाली. पुढे धरण आहे. म्हणून त्यांना सापळ्यांत धरलं आणि गाडीतून पलीकडे नेलं.