लावणीच्या रांगेतला प्रश्न

कावेरीवरील मेट्टूर धरणाचे दरवाजे १२ जूनला उघडण्याचा प्रघात आहे. अपुऱ्या पावसाने आणि कर्नाटकाशी चाललेल्या पाणीतंट्याने तो पुष्कळदा मोडला. तरी पाणी आले की तंजावरच्या खेड्यांत कुरुवै भाताची लगबग सुरू होते. चिखलात ओणव्याने रोपे लावीत स्त्रियांची रांग पावलापावलाने मागे सरते. यांतील पुष्कळजणी दलित आणि भूमिहीन. शेत कुणाचे असे विचारले, तर कधी देवळाचे नाव ऐकू येते, कधी मठाचे, कधी मिरासदाराचे. (मराठीच्या परिचयाचा हा शब्द तमिळ मुलखातही नांदतो.)

अशा गावांसाठी आता बोलणारे यंत्र आले आहे. केंद्र सरकारची ‘किसान ई-मित्र’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिला येणाऱ्या मोजक्या भाषांत तमिळ होती. प्रश्न तोंडाने विचारावा, उत्तर कानांनी ऐकावे. अक्षराशी ज्यांचा कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी ही सोय लहान नव्हे. पण आरंभी ही सेवा ज्या पी.एम. किसान योजनेविषयी उत्तरे देत असे, ती योजना वर्षाला ६००० रुपये देते ते जमीन ज्याच्या नावे त्यालाच. महाराष्ट्रात सातबारा, इथे पट्टा. कागद नसेल तर शेतकरी नाही. देवस्थानची जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणारे कूळ तीत बसत नाही; लावणी करणारी तर नाहीच. ‘मला पैसे का मिळत नाहीत?’ असे तिने विचारलेच, तर यंत्राला तिचा शब्दन्‌शब्द समजेल, उत्तरही बिनचूक मिळेल, आणि ती होती तिथेच राहील.

तिचे प्रश्न निराळे आहेत. आजची मजुरी कायद्याने ठरलेल्या दराइतकी आहे काय? लावणीचे यंत्र शेतात उतरले, तर उरलेला हंगाम कसा काढायचा? असे प्रश्न मोठ्याने विचारण्याचा या मुलखातला इतिहास भयंकर आहे. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, तेव्हा तंजावर जिल्ह्यात असलेल्या कीळवेण्मणी गावी, मजुरीच्या तंट्यातून ४४ दलित माणसे एका झोपडीत जाळली गेली. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. तेव्हा यंत्राशी बोललेला आवाज कुठे साठवला जातो आणि कुणाच्या हाती पडू शकतो, हे तिला आधी कळले पाहिजे. फोनही अनेकदा नवऱ्याचा वा मुलाचा असतो.

याच कावेरीकाठच्या कुंभकोणम्‌ गावी १९२५ साली जन्मलेल्या एम. एस. स्वामिनाथन यांच्या संस्थेने १९९८ मध्ये पुदुच्चेरीच्या खेड्यांत माहितीकेंद्रे उभारली, तेव्हा क्रम उलटा होता. काय हवे ते गावकऱ्यांना आधी विचारले. जागा गावाने द्यायची, पण दलितांसह सर्वांना तिथे मुक्त प्रवेश असला पाहिजे, अशी अट घातली. वीरमपट्टणमच्या कोळ्यांना समुद्रातील लाटांची उंची जाणून घ्यायची होती. ती अमेरिकन नौदलाच्या संकेतस्थळावरून मिळवून किनाऱ्यावर कर्ण्यातून ऐकवली जाई. ऐकणाऱ्याला नाव, खाते, कागद यांपैकी काहीच दाखवावे लागत नसे.

तंजावरच्या शेतात लावणी चालू असताना फोन बांधावर, जेवणाच्या डब्याशेजारी पिशवीत असतो. रांगेतल्या बाया एकमेकींनाच विचारतात, उद्या कुणाच्या शेतावर जायचे, आणि किती देणार.